चौदा नंबरचं घर रिकामं नव्हतं

फोनवर लिहिलं होतं, घर रिकामं. आणि नीलांबरीच्या डोळ्यांसमोर दोरीवर कपडे वाळत होते. बायकांचे, पुरुषांचे, शाळेचे दोन निळे पोलो शर्ट, तान्ह्या बाळाची दुपटी. पायरीवर चिखलाने माखलेले पाच जोड रबरी बूट ओळीने लावलेले. आत कुणीतरी कांदा परतत होतं. ती पायरी चढली तसा खिडकीचा पडदा हलला आणि आतला टीव्ही एकदम बंद झाला. तिने पत्र्यावर रंगवलेला नंबर पुन्हा पाहिला. चौदा. फोनवरही चौदाच.

हे २०२० सालच्या ऑक्टोबरातलं.

नीलांबरी खांबेटे मूळची साताऱ्याची. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला येऊन तिला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली अकरा नवऱ्याच्या व्हिसावर गेली. मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. असून तिला नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड येईपर्यंत प्रयोगशाळेची दारं तिच्यासाठी बंदच झालेली होती, म्हणून तिने अर्ध्या तासावरच्या एका खेड्यातल्या शाळेच्या ऑफिसात काम धरलं. निम्म्या पालकांना इंग्रजी येत नव्हतं. सात वर्षांत त्यांच्याशी फोनवर बोलता बोलता तिला चांगलं स्पॅनिश यायला लागलं. मधल्या काळात ती नागरिकही झाली. मार्चमध्ये कोविडने शाळा बंद पडल्या आणि उन्हाळ्यात तिने जनगणनेचं काम घेतलं. दर दहा वर्षांनी होणारी देशाची मोजणी. हात वर करून शपथ घेतली होती, की कुठल्याही दारात जे कळेल ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही.

नियम सोपा होता. एक एप्रिलला जो जिथं राहत होता, त्याला तिथं मोजायचं. कागदपत्रं असोत नसोत, बाळ असो की म्हातारा. या आकड्यांवरून पुढची दहा वर्षं ठरणार होतं, कुठल्या भागाला किती प्रतिनिधी, कुठे दवाखाना, कुठे शाळेची नवी खोली.

पाइन हॉलो नावाच्या या ट्रेलर पार्कात, म्हणजे पत्र्याच्या तयार घरांच्या वस्तीत, अडतीस घरं होती. त्यांपैकी तेवीस रिकामी, असं आधीच्या माणसाने नोंदवलं होतं. शेरा एकच: 'मॅनेजरने फोनवर सांगितलं. दुरुस्ती चालू.' त्या नोंदी खऱ्या आहेत का, ते बघायला नीलांबरीला पाठवलं होतं. तिला बघायची गरजच नव्हती. शाळेच्या बसची यादी तिच्या हातची होती. पाइन हॉलोच्या थांब्यावर एक्केचाळीस मुलं उतरायची. बसला उशीर झाला की या घरांना तीच फोन करायची.

तिने आठ दारं वाजवली होती. एकही उघडलं नव्हतं. शेवटी चौदा नंबरच्या दाराला तोंड लावून ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी मिस नीला. शाळेतली."

दार साखळीपुरतं उघडलं. शाळेतल्या दुल्सेची आई, योलांदा. कामावरून नुकतीच आली असावी, केसांना अजून जाळी होती.

"मिस नीला? शाळा उघडली?"

"नाही. मी जनगणनेसाठी आलेय. घरात किती माणसं, एवढंच विचारायचंय."

योलांदाचा चेहरा दगडासारखा झाला. "जा इथून," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगते. कुणी बघायच्या आत जा."

"का? काय झालं?"

योलांदाने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद काढून फटीतून बाहेर सरकवला. स्पॅनिशमध्ये छापलेला, मॅनेजरच्या सहीचा. अनोळखी माणसाला दार उघडू नये. जनगणनेच्या नावाने इमिग्रेशनचे लोक फिरत आहेत. भाडेकरारात नाहीत अशी माणसं घरात असल्याचं कुणालाही कळलं, तर घर आठवड्यात खाली करावं लागेल.

"प्रत्येक दारावर लावलाय," योलांदा म्हणाली. "करारावर आमची चार नावं. राहतो किती ते त्या मॅनेजरला, रँडीला, पक्कं माहीत आहे. दर महिन्याला माणशी जादा भाडं तोच घेऊन जातो ना. तेव्हा त्याला सगळी डोकी दिसतात."

"हे खोटं आहे, योलांदा. आमची माहिती कुणाला देता येत नाही. इमिग्रेशनला नाही, घरमालकाला नाही, कोर्टालासुद्धा नाही."

"तुम्ही म्हणता. कागद तर असं म्हणत नाही." ती दार लावणार होती, पण थांबली. "एक विचारू? मेलेला माणूस मोजतात का?"

"कोण गेलं?"

"माझा भाऊ. विल्फ्रिदो. अकरा जुलैला. आम्ही सगळे टर्कीच्या कारखान्यात. बंद करता येत नाही, देशाला मांस लागतं, म्हणाले. त्याच्या लाइनवर चौदा जणांना झाला. श्वास लागला तरी हॉस्पिटलात चल म्हटलं की घाबरायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्या कोचावर..." तिने मान मागे वळवली.

"एक एप्रिलला इथंच राहत होता?"

"मग कुठं राहणार?"

"मग मोजायचा. नक्की मोजायचा."

योलांदाने तिच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तो इथं होता असं कुठंतरी लिहिलं जाईल," ती म्हणाली. मग मान हलवली. "नको. मेलेल्याचं नाव लिहायला जिवंतांचं छप्पर घालवू का मी?" आणि दार लागलं.

नीलांबरी गाडीत येऊन बसली. ज्या घरातून माणूस मेलेला बाहेर काढला, ते घर कागदावर रिकामं. दुरुस्ती चालू. शाळेत अकरा वर्षांचं पोर खोटं बोललं तरी त्याला ऑफिसात आणून बसवतात. इथं एका माणसाने फोनवर तेवीस घरं पुसून टाकली होती, बहुधा चहा पितापिता.

पार्कातून बाहेर पडताना फाटकावरची पाटी तिने पहिल्यांदा नीट वाचली. येताना लक्ष नव्हतं. 'पाइन हॉलो', आणि खाली बारीक अक्षरांत, 'अ वासोटा कम्युनिटी'.

तिने ब्रेक दाबला.

त्या अख्ख्या काउंटीत वासोटा म्हणजे काय हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. कोयनेच्या जंगलातला किल्ला. कॉलेजात असताना ती तिथं गेली होती, जळवा चिकटवून घेऊन आली होती. आणि कॅरीतला एक माणूस दर पॉटलकला, दर गणपतीला, आपण तरुणपणी वासोटा कसा चढलो ते सांगायचा. शैलेंद्र. मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष. तिच्या नवऱ्याचा, मनोहरचा, पंचवीस वर्षांचा दोस्त.

गाडी अजून चालू होती तेवढ्यात फोन वाजला. तिची सुपरवायझर, लोरेटा सिम्स. पोस्टातून रिटायर झालेली साठीची कृष्णवर्णीय बाई, एका वाक्यात काम सांगणारी.

"कोर्टाचा निकाल आलाय," लोरेटा म्हणाली. "एकतीस तारखेपर्यंत चालणार होतं ते काम परवा संपणार. गुरुवारी. तुझ्याकडे किती राहिलीत?"

"तेवीस घरं. सगळी भरलेली आहेत, लोरेटा. सगळी."

"दोन दिवस," लोरेटा म्हणाली. "कर काय करता येईल ते."

*

नीलांबरी थेट शैलेंद्रच्या घरी गेली. संध्याकाळचे पाच वाजले होते. तो मागच्या डेकवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्या बायकोने, विनीताने, मास्क लावून लांबूनच कागदी कपात चहा ठेवला आणि म्हणाली, "नीलू, किती उन्हातून आलीस! बस ना."

नीलांबरी बसली नाही. तिने नोटीस टेबलावर ठेवली. दारातून कळलेलं काही बोलायची तिला मुभा नव्हती, पण हा कागद काही जनगणनेचा नव्हता.

"शैलेंद्र, पाइन हॉलो तुमचं आहे?"

"आमच्या ग्रुपचं, हो. तीन पार्क्स आहेत." तो कौतुक होणार अशा तयारीत हसला. मग त्याची नजर कागदावर गेली. "हे कुठून आणलं तुम्ही?"

"दारावर होतं. तुमच्या सांगण्यावरून लावलंय?"

"वहिनी, शांतपणे ऐका. त्या पार्कचं सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीचं परमिट घरटी चार माणसांचं आहे. घरात नऊ-नऊ, दहा-दहा राहतात. उद्या आकडे बाहेर आले तर काउंटी येऊन पार्कच बंद करेल. मग त्या लोकांनी जायचं कुठं? म्हणून रँडीला म्हटलं, विचारलं तर सांग रिकामी आहेत, विषय संपव. त्यांच्याच भल्याचं आहे हे."

तो आपणहून बोलून गेला होता.

"एका घरातला आकडा बहात्तर वर्षं कुणाला दाखवत नाहीत. हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"सरकारवर एवढा विश्वास ठेवता तुम्ही?"

"आणि नऊ माणसं राहतात हे चालत नसेल तर माणशी जादा भाडं कसं घेता?"

शैलेंद्रने कप खाली ठेवला. आवाजातला गोडवा ओसरला. "हे बघा, स्पष्टच बोलू का? ते लोक इलीगल आहेत. आपण लाइनीत उभे राहिलो. मी तेरा वर्षं थांबलोय ग्रीन कार्डला, तुमचा मनोहर अकरा. प्रत्येक स्टॅम्पसाठी घाम गाळलाय. आणि हे नुसते चालत यायचे, आणि मोजायचे पण आपल्या बरोबरीने? त्यांच्या नावावर प्रतिनिधी वाढणार, फंड जाणार. व्हाय यार? आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

"दुल्से इथंच जन्मली, शैलेंद्र. माझ्या निधीसारखीच. त्या बसमधली निम्म्याहून जास्त मुलं इथं जन्मलीत."

"एकेका केसचं मला सांगू नका."

"बरं, तुमची केस सांगते. फ्रीमाँट, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. दोन बेडरूमचं अपार्टमेंट. लीजवर दोन नावं, आणि राहत होतात सहा जण. मनोहर त्यातलाच एक. लीजिंग ऑफिसची बाई बघायला यायची तेव्हा चौघं कपाटात आणि बाथरूममध्ये लपायचात. हे तुम्हीच हसत हसत सांगता प्रत्येक पार्टीत! लोक पोट धरून हसतात. तुमचं ते स्ट्रगल, आणि योलांदाचं ते इलीगल?"

"आम्ही व्हिसावर होतो."

"कपाटात व्हिसा दाखवत होतात का?"

विनीता म्हणाली, "अगं नीलू, आवाज. शेजारी..."

"ऐकू दे शेजाऱ्यांना. यांच्या मालकीच्या घरात, कोचावर एक माणूस श्वास अडकून मेला, विनीता. आणि तो तिथं होता, एवढंही म्हणायला हे तयार नाहीत." बोलल्यावर तिने ओठ चावले. हे तिने सांगायला नको होतं. राग तिला शपथेच्या पलीकडे घेऊन गेला होता आणि आता तो शब्द परत घेता येणार नव्हता.

शैलेंद्र उठला. चेहऱ्यावर कुठेतरी ओशाळेपण आलं होतं, पण ते त्याने पटकन झटकलं. "नोटीस राहणार," तो म्हणाला. "आणि वहिनी, एवढ्या तावातावाने बोलायच्या आधी घरी मनोहरला विचारा. वासोटामध्ये कोण कोण आहे ते."

*

मनोहरने भांडी लावता लावता मान खाली घातली.

"मागच्या वर्षी टाकले आपण थोडे पैसे त्यात. रिटायरमेंटचे. तुझीपण सही आहे नीला, टॅक्सच्या कागदांबरोबर दिले होते मी."

तिला आठवलं. पिवळे स्टिकर लावलेल्या जागी तिने सह्या केल्या होत्या, न वाचता, कारण शाळेत परीक्षा होत्या आणि भात लागत होता. पाइन हॉलोच्या त्या पत्र्याच्या घरांत तिचाही वाटा होता. योलांदाच्या दाराची साखळी, तो कागद, ते माणशी भाडं. शाळा बंद पडेपर्यंत ती त्याच दारांना शाळेतून फोन करत होती, तुमच्या मुलाला ताप आहे, घेऊन जा.

"मला का नाही सांगितलंस?"

"इन्व्हेस्टमेंट आहे गं ती. आपण थोडंच चालवतो. शैलेंद्रशी वाकडं नको घेऊस, प्लीज. पंचवीस वर्षं..."

"कपाटात तू होतास ना फ्रीमाँटला?"

हातातली वाटी मनोहरने तशीच धरली होती. "हो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वॉटर हीटरच्या कपाटात. दोन तास. बाई गेली तरी बाहेर यायची भीती वाटत होती." मग तो आत गेला आणि वासोटाच्या कागदांची निळी फाइल आणून टेबलावर ठेवली. "मी येणार नाही तुझ्याबरोबर. माझ्यात तेवढं नाही. पण हे घे."

कॉलेज बंद म्हणून घरी आलेली त्यांची निधी जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "सो यू आर अ‍ॅन ओनर. राइट? देन गो अ‍ॅक्ट लाइक वन."

नीलांबरीने आधी लोरेटाला फोन केला आणि सगळं सांगितलं. कंपनी कुणाची, आपली सही, शैलेंद्रकडे तोंडातून निसटलेलं वाक्य, काहीही हातचं न राखता. तिला वाटलं होतं लोरेटा भडकेल.

"ते वाक्य मला वर कळवावं लागेल," लोरेटा म्हणाली.

"कळव."

"आणि मालक असताना तुला ती घरं मोजता येणार नाहीत. या क्षणापासून तुझ्या यादीतून काढली. गुरुवारी मी स्वतः येते, स्पॅनिश येणारी दोन माणसं घेऊन. पण दारं उघडली नाहीत तर आम्ही तिथं उभं राहून काय करणार?"

"दारं उघडायचं मी बघते," नीलांबरी म्हणाली.

*

रँडी कॉब पार्काच्या तोंडाशी एका ट्रेलरमध्ये ऑफिस टाकून बसला होता. बुधवारी दुपारी तीननंतर नीलांबरी गळ्यातलं ओळखपत्र आणि काळी बॅग घरी ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. फाइल उघडून आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"मी या कंपनीची भागीदार आहे. दारावरच्या नोटिसा काढायच्या. आत्ता."

रँडीने सही पाहिली, तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, मला ऑर्डर मिस्टर शैलेंद्र देतात."

"लाव त्यांना फोन. स्पीकरवर ठेव."

शैलेंद्र फोनवर आला आणि मराठीत म्हणाला, "वहिनी, हे फार होतंय. तुम्ही पॅसिव्ह पार्टनर आहात. तुम्हाला काही अधिकार नाही."

"नसेल," ती मराठीतच म्हणाली. "पण हे तुम्ही रँडीला इंग्रजीत समजावून सांगा. आणि हेही सांगा, की मालकाने मोजणीला आडकाठी करणं, खोटी माहिती द्यायला लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. नोटिशीवर सही तुमची नाही, रँडीची आहे. भाडेकरूंचे खटले लढवणाऱ्या वकिलांकडे मी ती उद्या घेऊन जाणार आहे. त्याला माहीत असू दे की कुणासाठी तो अडकणार."

रँडीला मराठी कळत नव्हती, पण आपलं नाव दोनदा आलेलं कळलं. तो खुर्चीत सरळ झाला. "माझ्याबद्दल काय चाललंय?"

पलीकडून शैलेंद्र इंग्रजीत म्हणाला, "रँडी, टेक देम डाउन," आणि फोन ठेवला.

नीलांबरीने दुसरा कागद काढला. निधीने इंग्रजीत आणि तिने स्पॅनिशमध्ये लिहिलेला. मोजणीत कितीही माणसं सांगितली तरी त्या कारणाने कुणालाही घराबाहेर काढलं जाणार नाही. खाली रँडीची सही, तारखेसह. त्याने पेन जोरात आपटून सही केली.

त्या कागदाच्या चाळीस प्रती घेऊन ती चौदा नंबरला गेली. या वेळी तिने दार वाजवायच्या आधीच योलांदा बाहेर आली. रँडीला नोटिसा फाडताना तिने खिडकीतून पाहिलं होतं.

"कसं केलंत?"

नीलांबरीने ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही. "मी मालकांपैकी एक आहे, योलांदा. मला काल रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे सही केली होती, वाचलं नव्हतं."

योलांदा एक पायरी खाली उतरली. तिचा आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द वेगळा पडला. "जानेवारीत हीटर बंद होता. तीन आठवडे. बाळाला आम्ही ओव्हनसमोर झोपवलं. मी शाळेत तुम्हाला फोन केला होता, दुल्सेला कोट मिळेल का म्हणून. तुम्ही कोट पाठवला. चांगला होता. निळा." ती थांबली. "तेव्हा घर तुमचं होतं."

क्षमा मागायचीही नीलांबरीला लाज वाटली.

"द्या इकडे," योलांदा म्हणाली आणि तिच्या हातातून कागद ओढून घेतले. "तुमच्या तोंडून ऐकून कुणी उघडणार नाही. मी जाते. तुम्ही मागं उभ्या राहा, कुणी सहीचं विचारलं तर सांगा."

आणि ती गेली. कारखान्यात दहा तास उभी राहून आलेली बाई एकेका पायरीवर चढली, एकेक दार वाजवलं. काही ठिकाणी दहा मिनिटं वाद चालला. सव्वीस नंबरच्या म्हाताऱ्याने कागद पायाखाली टाकला आणि शिवी दिली. एकतीस नंबरच्या बाईने सही उजेडात धरून तपासली. योलांदा प्रत्येकाला एकच सांगत होती: फोन करूनही नोंदवता येतं, स्पॅनिशमध्ये, दार उघडायची गरज नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मोजणारी माणसं इथं असतील. माझ्याकडे या, पहिलं घर माझं.

गुरुवारी लोरेटा आली. दुपारी तीनला पहिली पाळी सुटल्यावर पार्काच्या लॉन्ड्रीबाहेर योलांदाने घडीचं टेबल मांडलं आणि सगळ्यांदेखत सर्वांत आधी आपल्या घरची नावं सांगितली. नीलांबरी नियमाप्रमाणे लांब, फाटकाजवळ उभी होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते. योलांदा बोटांवर मोजताना दिसत होती. नवव्या बोटाला ती थांबली, लिहिणाऱ्या मुलीने मान वर करून काही विचारलं, आणि योलांदाने टेबलावर हात आपटून एप्रिल, एप्रिल असं दोनदा म्हटलं. तेवढंच ऐकू आलं. मुलीने लिहिलं.

मग माणसं यायला लागली. रताळ्यांच्या शेतातून आलेले, हाताला अजून लाल माती. बाळं काखेत घेतलेल्या बाया. सूर्य मावळेपर्यंत रांग होती.

निघताना लोरेटाने गाडीची काच खाली केली. "आकडा मी तुला सांगू शकत नाही."

"माहीत आहे."

"पण सगळे आले नाहीत," ती म्हणाली. "सात दारं उघडलीच नाहीत. आणखी दोन आठवडे असते ना, तर ती सातही उघडली असती." तिने स्टिअरिंगवर मूठ मारली. "दोन आठवडे!"

*

चौकशी होऊन नीलांबरीला लेखी ताकीद मिळाली. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला कुणीतरी काढून टाकलं. विनीता एकदा दुकानात दिसली, कोथिंबिरीची जुडी घेऊन दुसऱ्या रांगेत वळली. मनोहरने वासोटामधून नाव काढून घेतलं, पण शैलेंद्रशी त्याचं बोलणं चालू राहिलं, नीलांबरी घरात नसताना. हे तिला कळत होतं. ती त्यावर काही बोलली नाही, आणि विसरलीही नाही.

दीड वर्षाने सरकारनेच आपल्या मोजणीची तपासणी करून जाहीर केलं, की लॅटिनो माणसांपैकी दर शंभरात जवळजवळ पाच मोजायची राहून गेली. गोरे मात्र प्रत्यक्षात होते त्याहून थोडे जास्तच मोजले गेले होते. नीलांबरीने शाळेच्या ऑफिसात ही बातमी तीनदा वाचली. मग उठून शांतपणे दार लावलं आणि बातमीचा कागद चुरगाळून भिंतीवर फेकला.

त्यानंतरच्या वसंतात काउंटीने पाइन हॉलोला महिन्यातून दोनदा येणारा फिरता दवाखाना बंद करायचं ठरवलं. कारण दिलं होतं, त्या भागाची लोकसंख्या कमी झाली आहे. निर्णयाच्या सभेला नीलांबरी गेली. बोलायला उठावंसं तिला फार वाटत होतं, पण दारांमागचं जे तिला माहीत होतं ते बोलायची बंदी होती. योलांदाला बंदी नव्हती. ती चौदा वर्षांच्या दुल्सेला बरोबर घेऊन माइकसमोर गेली.

"तुम्ही म्हणता आम्ही कमी झालो," ती म्हणाली आणि दुल्से इंग्रजीत सांगत गेली. "कोण कमी झालं ते मी सांगते. माझा भाऊ कमी झाला. बाकी सगळे आहेत. माझ्या डावीकडच्या घरात सहा जण. त्याच्या पुढच्यात आठ, त्यातली दोन जुळी, दम्याची. एकतीस नंबरमध्ये..."

"मॅडम, तीन मिनिटं झाली," अध्यक्ष म्हणाले.

योलांदा बाजूला झाली आणि तिच्या मागे एकतीस नंबरची बाई उभी होती. तिच्या मागे सव्वीस नंबरचा तो म्हातारा. त्याच्या मागे रांग दारापर्यंत, दारातून बाहेर व्हरांड्यात. प्रत्येकाने आपलं नाव सांगितलं, घरात किती ते सांगितलं. सभेचं टिपण घेणारी क्लार्क पहिल्यांदा नुसती ऐकत होती. पाचव्या माणसाला तिने स्पेलिंग विचारलं. मग प्रत्येकालाच विचारू लागली, आणि लिहू लागली.

दवाखाना रद्द झाला नाही. टिकलाही नाही. सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. बाहेर पार्किंगमध्ये नीलांबरीचे डोळे भरून आले होते, संतापाने की कशाने तिलाही सांगता आलं नसतं.

"सहा महिने!" ती म्हणाली. "एवढं सगळं ऐकून सहा महिने."

योलांदाने दुल्सेच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. "पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी सभा आहे," ती म्हणाली. "साडेसहाला. आमच्या तीन गाड्या कमी पडतात. तुमच्या गाडीत किती मावतील?"

"सहा," नीलांबरी म्हणाली. "दाटीने बसले तर सात."